तेल पाहून चेंडू

वर्ध्याच्या माणसाला तेलाविषयी कोणी शिकवू नये. १९३४ साली गांधीजींच्या प्रेरणेनं अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, त्यानं वर्ध्याच्या मगनवाडीत बस्तान बसवलं, आणि तिथल्या मंडळींनी बैलाच्या तेलघाणीवर इतकं डोकं चालवलं की त्या सुधारलेल्या घाणीला पुढं ‘वर्धा घाणी’ असंच नाव पडलं. संघाचा कारभार पाहणारे जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबतपासनिसाचं शिक्षण घेऊन आलेले. म्हणजे आमच्या लाइनीतला माणूस तेलाच्या घाणीशी येऊन बसला! मी स्वतः बी.कॉम. असल्यामुळं ही हकिकत बँकेत अधूनमधून अभिमानानं सांगत असतो. समोरचा पासबुक भरून घ्यायला आलेला असतो, त्यामुळं त्याला ती ऐकावीच लागते.

तर अशा या तेलाच्या मुलखात येऊन माझ्या भाच्यानं २०२३ च्या डिसेंबरात आम्हाला तेल शिकवलं. तेही खायचं नव्हे, डोक्याला लावायचं नव्हे, दिव्यात घालायचं तर नव्हेच. जमिनीवर सांडायचं!

आम्ही राहतो सावंगी (मेघे) इथं. हिशेबाच्या वहीत कंसात टाकलेला आकडा म्हणजे तोटा, पण आमच्याकडं कंस ही अब्रूची गोष्ट आहे. शेजारी सिंदी (मेघे) आहे, बोरगाव (मेघे) आहे. कंस गाळून पत्ता लिहिला तर कागद भलत्याच सावंगीला जाऊन चहापाणी घेऊन परत येतो. हल्ली मोठ्या दवाखान्यामुळं गावाचं नाव लांबवर झालंय. माझी थोरली बहीण आणि भाऊजी दोन गल्ल्या सोडून राहतात. भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. मुलगा टेक्सासात, डॅलसजवळ, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो हे ताईला विचारलं तर ती म्हणते, “बसते.”

भाचा आला तो एक बॅग दोन हातांनी ओढत. विमानात माणशी तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेऊ देतात. ताईचा अंदाज असा की पोरानं आईला मिक्सर आणला असणार. बॅग उघडली तर आतून निघाला एक निळा, गुळगुळीत, तीन भोकांचा गोळा. मी घरच्या रद्दीच्या काट्यावर ठेवून पाहिला. सहा किलो साडेतीनशे ग्रॅम.

“साता समुद्रापलीकडून पोट्ट्यानं गोटा आणला व माय!” ताई म्हणाली. “आपल्या वावरात गोटे कमी हायेत का?”

भाऊजी मात्र उठून जवळ आले. कारण फोनवर त्यांनीच विचारलं होतं, “तुझा तो चेंडू वजनाला कितीसा असतो रे?” वजन ही फोनवर सांगायची गोष्ट नाही, हातात द्यायची आहे, म्हणून पोरानं तो आणला. शिक्षकाचा मुलगा. प्रात्यक्षिकावर विश्वास.

तेव्हापासून तीन आठवडे त्या घरात बोलिंग या विषयाचे वर्ग चालले. पहिला तास नामविचारातच गेला. आपल्याकडं बोलिंग म्हटलं की डोळ्यांसमोर जामठ्याचं मैदान येतं, त्यामुळं शेजारच्या काकांनी “फास्ट की स्पिन?” असं विचारलं. हे बोलिंग वेगळं. साठ फूट लांब आणि सुमारे साडेतीन फूट रुंद अशी लाकडी पट्टी, तिला लेन म्हणतात. पलीकडच्या टोकाला दहा पिना त्रिकोणात उभ्या. मुसळाला गळा काढावा तशा दिसतात म्हणे. चेंडू घरंगळत सोडायचा. पहिल्याच चेंडूत दहाही पडल्या तर स्ट्राइक. काही उरल्या आणि त्या दुसऱ्या चेंडूत साफ झाल्या तर स्पेअर. दोन्ही बाजूंना नाल्या. चेंडू नालीत गेला की शून्य. १९७८ साली बँकॉकला हा खेळ आशियाई स्पर्धांतही आला होता. इथपर्यंत सगळं आमच्या विटी-दांडूइतकं सरळ आहे.

वाकडं होतं ते तेलापासून.

“मामा, त्या लेनवर तेल असतं,” भाचा म्हणाला.

“सांडलेलं?”

“लावलेलं. मशीननं. रोज.”

मूळ कारण अगदी गृहकृत्यदक्ष आहे. लेन लाकडाची; सुरुवातीला आणि पिनांखाली मेपल, मधल्या भागात पाइन. त्यावर दिवसभर सहा-सात किलोचे गोळे आदळून घासत गेले तर लाकूड जळतं, झिजतं. म्हणून तेलाचा हात. पुढं बहुतेक लेनी कृत्रिम पदार्थाच्या झाल्या, पण तेल राहिलं, कारण तोवर खेळ तेलावरच उभा राहिला होता. साठ फुटांपैकी साधारण पहिले चाळीस फूट तेल, पुढं कोरडं. एका लेनला तेल किती, तर पंचवीस-तीस मिलिलिटर. ताईनं हिशेब केला. “म्हणजे पाच-सहा चमचे. एवढ्यात माही फोडणीबी होत नाई, अन् हे चाळीस फूट जमीन सारवते!”

आता या तेलावरून चेंडू जातो कसा? तेल आहे तिथं तो घसरतो, सरळ पुढं जातो. कोरडं लागलं की त्याला पकड मिळते, आणि सोडताना मनगटानं जी गिरकी दिलेली असते ती तिथं कामाला येऊन चेंडू वळतो. वळून पिनांच्या त्रिकोणात तिरपा घुसला की दहाही आडव्या होण्याचा संभव जास्त. म्हणजे सारं कसब वळण कुठं घ्यायचं यात. पण ते वळण तुमच्या मनगटाइतकंच तेलाच्या हाती. तेल फार असेल तर चेंडू वळायच्या आतच पिनांपाशी पोचतो. कमी असेल तर अर्ध्या वाटेतच वळून भलतीकडं जातो. आणि मुख्य गंमत अशी की तेल दिसत नाही. लेन चकचकीत दिसते एवढंच. तेल कुठं आहे हे चेंडू सोडल्यावर, तो कसा गेला यावरून ओळखायचं. म्हणजे आमच्या बँकेत नवा मॅनेजर येतो तसं. वरून सारखेच चकचकीत. पहिला रजेचा अर्ज टाकल्याशिवाय कुठं घसरणार आणि कुठं अडणार ते कळत नाही.

म्हणून चेंडू तेल पाहून निवडायचा. क्रिकेटमध्ये खेळपट्टी पाहून गोलंदाज बदलतात. इथं गोलंदाज तोच, चेंडू बदलायचा. भाच्याकडं असे चार आहेत. हे ऐकून ताई दोन दिवस गप्प होती. चार चेंडूंत किती तोळे झाले असते, एवढंच तिनं मला एकांतात विचारलं.

चेंडूंची ही भाऊगर्दी एका दिवसात झालेली नाही. आधी लाकडाचा चेंडू होता, १९०५ च्या सुमाराला रबराचा आला, साठ-सत्तरच्या दशकांत प्लॅस्टिकचा म्हणजे पॉलिएस्टरचा, ऐंशीच्या दशकात युरेथेनचा आणि नव्वदच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन नावाच्या पदार्थाचा. या शेवटल्याचं कवच तेल पितं. दर फेकीनंतर फडक्यानं पुसायचा, आणि फारच प्यायला तर बेतानं गरम करून तेल घाम फुटल्यासारखं बाहेर काढायचं. “म्हंजे येयची वांगी,” ताई म्हणाली. पण नियम सोपा आहे. तेल भरपूर असेल तर खरबरीत घासलेला, जास्त पकडीचा चेंडू. तेल मध्यम असेल तर पॉलिश केलेला. तो लांबवर घसरतो आणि शेवटी वळतो. तेल आटलं असेल तर युरेथेन किंवा आणखी थंड स्वभावाचा, नाहीतर तो आधीच बिथरतो. सारांश, निसरड्या जागी खडबडीत माणूस पाठवावा आणि कोरड्या जागी गुळगुळीत. वसुलीला कोणाला पाठवायचं आणि ठेवी मागायला कोणाला, हे ठरवताना आमची बँक हेच करते.

चेंडूच्या कवचासाठी माणसं कुठल्या थराला जातात पाहा. डॉन मॅकक्यून नावाच्या अमेरिकन धंदेवाईक खेळाडूनं प्लॅस्टिकचा चेंडू एका रसायनात बुडवून ठेवायची युक्ती काढली. कवच मऊ पडलं, पकड वाढली, आणि १९७३ साली त्यानं सहा स्पर्धा जिंकून वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान घेतला. मग काय, हॉटेलांच्या खोल्याखोल्यांतून चेंडू मुरायला लागले. आपल्याकडं उन्हाळ्यात कैऱ्या मुरतात तसे. शेवटी संघटनेला चेंडू किती कठीण असलाच पाहिजे याचा नियम करावा लागला.

हे सारं मी वहीत टिपून घेत होतो, कारण त्यात आकडे होते. लेनीच्या रुंदीत ३९ फळ्या असतात. तेल जितके फूट लांब त्यातून ३१ वजा करायचे. जी बाकी येईल त्या नंबरच्या फळीवर चेंडू वळायला हवा. चाळीस फूट तेल, वजा एकतीस, बाकी नऊ. नववी फळी. इतकी स्वच्छ वजाबाकी मी बँकेतसुद्धा फार दिवसांत पाहिली नव्हती.

भाऊजींनी मात्र वही उघडली नाही. ते डोळे मिटून ऐकत होते आणि एकदम म्हणाले, “म्हणजे बोरिक पावडर.”

भाऊजी कॅरम खेळतात. गोरसपाकाच्या रिकाम्या डब्यात त्यांचे तीन स्ट्रायकर असतात. पंधरा ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, पण पंधराच्या आत किती छटा आहेत हे त्यांना विचारावं. पावसाळ्यात बोर्ड ओल धरतो, सोंगटी रेंगाळते, तेव्हा जड स्ट्रायकर. मार्च-एप्रिलात वर्ध्याचं ऊन बोर्डाला खणखणीत वाळवतं, तेव्हा हलका. नाहीतर राणी खिशात जायच्याऐवजी भिंत पाहून परत येते. आणि पावडर जास्त झाली की मोठमोठ्यांची गत नवशिक्यासारखी होते.

“फरक एवढाच बाबा,” भाचा म्हणाला, “पावडर दिसते. तेल दिसत नाही. आणि ते एका जागी राहत नाही. पहिला गेम खेळेस्तोवर चेंडूंनी वाटेवरचं तेल खाऊन टाकलेलं असतं, थोडं पुढं कोरड्यात वाहून नेलेलं असतं. तिसऱ्या गेमला त्याच जागेवरून तोच चेंडू तसाच टाकला तर तो चुकतो. आपलं काही चुकलेलं नसतं. जमीन बदललेली असते.”

हे तो बोलिंगविषयी म्हणाला. पण आवाज जरा वेगळा लागला म्हणून ताईनं कणीक मळायची थांबवली.

तेल लावायच्याही पद्धती असतात. रोजच्या गिऱ्हाइकांसाठी जे लावतात त्याला ‘हाउस शॉट’ म्हणतात. मध्ये दाट, कडेला पातळ. त्यामुळं चेंडू थोडा बाहेर गेला तर कोरड्यावर पकड मिळून आत येतो, आणि थोडा आत पडला तर दाट तेल त्याला धरून ठेवतं. चुकलेल्याला सांभाळून घेणारं तेल. मोठ्या स्पर्धांत मात्र तेल जवळजवळ सपाट पसरलेलं. तिथं जरा चुकलं की चुकलंच.

“हाउस शॉट म्हणजे घरचं तेल,” भाऊजी म्हणाले. “घरी चुकलं तरी सांभाळून घेतात.”

भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं सांगितलं ते असं. पहिली दोन वर्षं तिकडं तो ऑफिस आणि खोली याशिवाय कुठंच जात नव्हता. शनिवार-रविवार एकही माणूस त्याच्याशी बोलत नसे. आईला फोन केला की “मित्रांसोबत आहे” असं सांगून ठेवायचा. मग ऑफिसच्या बोलिंग लीगमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून कोणीतरी त्याला उभा केला. गटात गुंटूरचा एक, मेक्सिकोचा एक आणि सत्तरीची एक निवृत्त अमेरिकन बाई; तिची सरासरी सगळ्यांहून वर. तिनंच त्याला हा निळा चेंडू घ्यायला लावला. दर बुधवारी संध्याकाळी हे चौघं तेल कुठं आहे यावर भांडतात. “तेलामुळं मला बोलायला माणसं मिळाली,” तो म्हणाला.

ताईनं कणीक पुन्हा मळायला घेतली. एवढी मऊ पोळी त्या घरात क्वचितच झाली असेल.

मुळात तो आला होता आईवडिलांना न्यायला. कायमचं नाही, पण निदान काही महिने तरी. भाऊजींना दोनदा चक्कर येऊन गेली होती. मोठा दवाखाना हाकेच्या अंतरावर होता खरा, पण हाक मारायला घरात एकटी ताई. भाऊजी नाही म्हणत नव्हते आणि हो तर मुळीच म्हणत नव्हते. विषय निघाला की त्यांना वावरात जायचं आठवायचं.

शेवटल्या आठवड्यात भाऊजींनी विचारलं, “हा निळा कोणत्या तेलासाठी?”

“कोणत्याच नाही. हा प्लॅस्टिकचा. स्पेअरचा चेंडू. याला तेलाशी देणंघेणं नाही, कुठंही सरळ जातो. बाकीचे चेंडू ऐन वेळी वळतात, म्हणून कोपऱ्यात एकच पिन उरली की हा काढायचा.”

“बस्स. तो मी,” भाऊजी म्हणाले. “मला वळता येत नाही आता. माझं इथंच राहू दे.”

भाचा म्हणाला, “बाबा, स्पेअरचा चेंडू घरी ठेवून कोणी खेळायला जात नाही. बॅगेत तोही न्यावा लागतो.”

यावर भाऊजींनी चेंडू उचलला आणि त्याच्या भोकांत बोटं घालून पाहिली. ही भोकं दुकानात ज्याच्या त्याच्या हाताचं माप घेऊन पाडतात. दुसऱ्याचा चेंडू बहुधा बोटाला लागत नाही. माझा अंगठा अर्ध्यातच अडकला होता, तो साबणानं काढावा लागला. भाऊजींचा अंगठा सरळ आत गेला, मधली दोन बोटंही बसली. घरात थोडा वेळ कोणी काही बोललं नाही. मग ताई म्हणाली, “पासपोर्टाले फोटो कसे लागते रे? पांढऱ्या भिंतीपुढचे ना?”

दोघं २०२४ च्या मे महिन्यात गेली. बॅगांचं वजन करायला मीच होतो. तूरडाळ, लोणचं, मेतकूट आणि गोरसपाक यांपुढं निळ्या चेंडूचा निभाव लागला नाही. त्याच्या सहा किलो साडेतीनशे ग्रॅमची जागा ताईनं पहिल्याच फेरीत घेतली. भाच्यानं तिकडं नवा घेतलाच होता. निळा सावंगीतच राहिला. फरशीवर घरंगळू नये म्हणून ताईनं तो चुंबळीवर ठेवला, आणि देवघराशेजारच्या कोनाड्यात तो अजून आहे. शेजारची पोरं येऊन भोकांत बोटं घालून जातात.

पहिला फोन आठवड्यानं आला. “तिथं गेल्यावर आपल्या चपला काढून भाड्याचे जोडे घाला लागते,” ताई सांगत होती. “देवळात जोडे काढते, इथं दुसऱ्याचे घालते!” भाऊजींचे पहिले दोन चेंडू नालीत गेले. तिसऱ्याला चार पडल्या. मग त्यांनी खेळणं सोडलं आणि मागं बाकावर बसून नुसतं पाहायला सुरुवात केली. तिसऱ्या गेमला भाच्याचा चेंडू सारखा लवकर वळायला लागला, तेव्हा बाकावरून आवाज आला, “पावडर संपली रे. हलका घे.” भाच्यानं पॉलिशचा काढला आणि लागोपाठ दोन स्ट्राइक घेतल्या. त्या दिवसापासून दर बुधवारी भाऊजींना नेणं सक्तीचं झालं. सत्तरीची बाई त्यांना इंग्रजीत विचारायची, हे मराठीत सांगायचे, गुंटूरचा दोघांनाही समजल्यासारखं करायचा, आणि चेंडू बदलला जायचा. चक्कर पुन्हा आली नाही, असं ताई म्हणते. आली असती तर धरायला चौघं होते, असंही म्हणते.

दिवाळीच्या आधी दोघं परत आली. कारण भाऊजींच्या मते कायदेशीर होतं. नोव्हेंबरात पेन्शनराला बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. भाच्यानं फोनवर सांगितलं की हल्ली हे सारं घरबसल्याही होतं. भाऊजी म्हणाले, “जिवंत असल्याचं जिवंत माणसासमोर सांगावं.” आणि सकाळी दहाला माझ्याच काउंटरवर येऊन उभे राहिले.

मी यंत्र पुढं केलं. त्यांनी अंगठा ठेवला. यंत्रानं नाकारला. सहा महिन्यांच्या बोलिंगनं अंगठ्याच्या रेघा गुळगुळीत झाल्या असाव्यात. तिकडं शेवटी शेवटी त्यांनी स्वतःच्या मापाचा एक चेंडू घेतलाच होता.

“जरा पुसून ठेवा, भाऊजी. आणि सरळ ठेवा.”

“वळवून नको ना?” असं म्हणत त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि पुन्हा ठेवला. हिरवा दिवा लागला.

“स्पेअर!” भाऊजी म्हणाले. रांगेतल्या पेन्शनरांना वाटलं, ही नवी सही कुठं करायची असते. मी त्यांना पावती दिली. ती खिशात घालता घालता त्यांनी माझ्याच टेबलावर बसून भाच्याला फोन लावला आणि विचारलं, येत्या एप्रिलची तिकिटं आत्ता काढली तर किती पडतील.